सात क्विंटल आणि एक सब्बल

"हलू नका, सुखदेवभाऊ. अजिबात हलू नका."

हे मी तिसऱ्यांदा सांगत होतो. खरं तर सांगायची गरज नव्हती. सुखदेवभाऊ हलूच शकत नव्हते. नडगीपर्यंत चिखलात रुतलेले, दोन्ही हातांत सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, आणि डोक्याच्या वर तिरपा टेकलेला शंभर केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर. वजन साधारण सात क्विंटल.

सत्तरच्या दशकाची अखेर होती. मी वीज खात्यात ज्युनिअर इंजिनीअर होतो आणि सुखदेवभाऊ माझे लाइनमन. वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. एकोडीच्या पुढे एका गावचा ट्रान्सफॉर्मर जळून आठ दिवस झाले होते. ट्रान्सफॉर्मर म्हणजे तारेतून येणारी जास्त दाबाची वीज मोटरपंपाला झेपेल इतकी कमी करून देणारी लोखंडी पेटी. ती नाही तर पंप नाही, पंप नाही तर पाणी नाही, आणि धान नेमकं निसवायला, म्हणजे लोंब्या टाकायला लागलेलं. त्यामुळे नवीन ट्रान्सफॉर्मर येताच अर्धं गाव ट्रकभोवती जमलं.

असा माल उतरवायला चेन पुली, म्हणजे साखळीने ओझं उचलणारी कप्पी लागते. आमची चेन पुली दुसऱ्या साइटवर अडकली होती. मग मी नेहमीचा देशी उपाय केला. ट्रकच्या दोन्ही बाजूंचे फाळके पाडले. एका बाजूने दोन सागाच्या बल्ल्या, म्हणजे जाड वासे, जमिनीवर तिरप्या लावल्या. त्यांच्यावरून पेटी घसरवत आणायची. दुसऱ्या बाजूला दहा गडी दोर धरून उभे, पेटी धावू नये म्हणून. आणि खाली, दोन बल्ल्यांच्या मध्ये, पेटीला सब्बलीने दिशा द्यायला एक माणूस. त्या जागी सुखदेवभाऊंना मीच उभं केलं होतं.

गणित साधं होतं. उतारावर ठेवलेली वस्तू तिच्या वजनामुळे खाली ओढली जाते. लाकूड आणि लोखंड यांच्यातलं घर्षण तिला अडवतं. बल्ल्यांचा उतार मी असा ठेवला होता की घर्षण थोडं जास्त भरावं. म्हणजे पेटी आपणहून येणार नाही, ढकललं तरच येईल. घरातली धान्याची कोठी सरकवून पाहा. हलेपर्यंत जीव काढते, आणि एकदा हलली की भसकन पुढे जाते. बसलेल्या वस्तूचं घर्षण जास्त, सरकत्या वस्तूचं कमी. दोर धरणारे दहा जण त्या 'भसकन'साठी होते.

माझ्या गणितात सखूबाई नव्हत्या.

सखूबाई म्हणजे गावातले मोठे शेतकरी हिरामणकाका यांच्या आई. मी ड्रायव्हरशी बोलत होतो तेवढ्यात त्या आरतीचं ताट घेऊन आल्या. नारळ फुटला, हळदकुंकू लागलं. नवी नवरी दारात आली की उंबरठ्यावर तेल घालतात, तसं त्यांनी दोन्ही बल्ल्यांवर जवसाचं तेल घातलं. अगदी हात पोचेल तिथपासून खालपर्यंत, मनापासून, तांब्याभर. मी पाहिलं नाही. पाहणं माझं काम होतं.

वरच्या कोरड्या भागात पेटी हट्ट करून बसली. चौघांनी ढकलली. ती हलली, आणि तिचं पुढचं बूड तेलावर आलं. दोराला असा हिसका बसला की दहाच्या दहा जण चिखलातून फरफटले. दहा माणसांची ताकद किती? त्यांच्या पायाखालची जमीन जेवढी धरते तेवढी. चिखलात उभे दहा पहिलवान दोन पोरांएवढेच. सुखदेवभाऊंनी सब्बलीचं टोक जमिनीत रोवलं आणि वरचं टोक पेटीच्या बुडाला टेकवलं. पेटी थांबली.

आता सब्बल सोडली तर ती कलंडणार आणि पेटी सरळ त्यांच्या अंगावर. रुतलेले पाय काढून बाजूला व्हायला वेळच नव्हता.

माझे वरिष्ठ, डेप्युटी साहेब, जीपजवळ उभे होते. त्यांना घाई झाली होती.

"ट्रक एक हात पुढे घ्या. माणूस मोकळा होईल."

"साहेब, ट्रकबरोबर बल्ल्यांची वरची टोकं जातील. एवढं वजन लगेच बरोबर जात नाही, ते जागच्या जागी राहायला बघतं. बल्ल्या खालून निघतील आणि पेटी कोसळेल."

"मग तुम्ही काय करणार?"

मला माहीत नव्हतं. मी पेटीच्या बुडाकडे पाहिलं. आणि तेवढ्यात दिसलं की पेटी अजून सरकते आहे. केसभर, पण सरकते. ट्रकचं इंजिन चालू होतं आणि सगळा ट्रक थरथरत होता. थरथरीने घर्षणाची पकड सुटते. चाळणी हलवली की अडकलेला दाणा खाली येतो, तसं.

"इंजिन बंद कर!" मी ओरडलो.

"सायेब, सेल्फ खराब आहे. बंद केली त मंग धक्का माराव लागन," ड्रायव्हर म्हणाला.

"सगळं गाव मारेल धक्का. बंद कर!"

इंजिन थांबलं. पेटी थांबली. पण सब्बलीचं टोक मऊ जमिनीत खाली जात होतं.

"सायेब," सुखदेवभाऊ अगदी हळू बोलले, "हे सब्बल धसून राहिली. लवकर करा काही."

ट्रकच्या पलीकडे वीसेक पावलांवर मोहाचं झाड होतं. झाडाला दोराचे तीन वेढे दिले की एका माणसाची ताकद कैक पटींनी वाढते. प्रत्येक वेढ्याला खोडाचं घर्षण आपल्या बाजूने लढतं. पण वेढे द्यायचे तर हातातला दोर ढिला करावा लागणार. तेवढा वेळ सगळा भार सुखदेवभाऊंवर. ते मला मान्य नव्हतं.

"काका, धानाचे भारे बांधायचा जाड दोर आहे का?"

हिरामणकाकांनी जवळच्या बैलगाडीतला दोर आणला. तो मी पेटीच्या वरच्या कड्यात बांधायचा ठरवला. म्हणजे ट्रकवर चढणं आलं. पाय ठेवताना ट्रकला हिसका बसला तर संपलं. त्या ट्रकवर मी जितका हळू चढलो तितका हळू मी आयुष्यात कुठेच चढलो नाही. गाठ मारायला घेतली. दोनदा सुटली. खाली सुखदेवभाऊंचा श्वास मला ऐकू येत होता.

दोर मोहाला गेला. तीन वेढे. शेपूट एकट्या हिरामणकाकांच्या हातात. दोर ताठ झाला.

"सुखदेवभाऊ, या बाहेर."

"सायेब, बोटं उघडून नाही राहिले."

दोघांनी चिखलात उतरून त्यांची बोटं एकेक करून सब्बलीवरून सोडवली आणि त्यांना काखेत हात घालून ओढलं. पाय निघाले, चपला आतच राहिल्या. सब्बल आडवी पडली. दोर करकरला, पण पेटी तसूभरही हलली नाही.

मी तिथेच खाली बसलो. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

सखूबाईंना एव्हाना कुणीतरी तेलाचं सांगितलं होतं. त्या घमेलंभर राख घेऊन आल्या. "माह्यानंच झालं ना बापा? मले काय माईत," म्हणत लांबूनच बल्ल्यांवर राख फेकायला लागल्या. उपाय अगदी बरोबर होता. काकांनी दोर वीतवीत सोडला. राखेवर आल्यावर पेटी पुन्हा हट्टाला पेटली आणि शेवटचे दोन हात ढकलावी लागली. दुसऱ्या दिवशी पंप सुरू झाले. साहेबांच्या रिपोर्टमध्ये एक ओळ होती : ट्रान्सफॉर्मर समाधानकारकरीत्या उतरवला.

गावोगाव मात्र बातमी वेगळी पोचली. सुखदेवभाऊंनी सात क्विंटल सब्बलीवर तोललं म्हणे. तेही मिशीला हात लावून ऐकायचे.

तीनेक आठवड्यांनी दुसऱ्या गावी तसंच काम निघालं. बल्ल्या लागल्या आणि मी काही बोलायच्या आत सुखदेवभाऊ सब्बल घेऊन खाली जाऊन उभे राहिले.

"बाहेर या!"

"काहून सायेब? मागच्या बारीले मीच त थांबवलं."

मग मी त्यांना जमिनीवर काडीने चित्र काढून दाखवलं. पेटीचं मागचं बूड कोरड्या लाकडावर होतं. बहुतेक भार घर्षणाने धरला होता. तुमच्या वाट्याला अर्ध्या पोत्याएवढा आला असेल. सगळा आला असता तर तुम्ही आज इथे नसता. मग ते सब्बल टाकून बाहेर आले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांचा मोठेपणा मी चार लोकांसमोर अर्ध्या पोत्यावर आणला, याचं मला वाईट वाटलं. पण त्यानंतर उतरत्या ओझ्याच्या खालच्या बाजूला मी कधी माणूस उभा केला नाही. सुखदेवभाऊ रिटायर झाले त्या दिवशी हार घालून, स्वतःच्या दोन पायांनी चालत घरी गेले.