मेजरसाहेबांचा नकोसा फेटा

आमच्या तमाशाच्या फडात जो राजा व्हायचा, तो दिवसभर चुलीसाठी लाकडं फोडायचा आणि रात्री मुकुट चढवून सिंहासनावर बसायचा. मेजर ऑब्रे ट्रॅव्हर्स यांचं नेमकं उलटं झालं होतं. ते जन्मले खऱ्याखुऱ्या दरबारात आणि रमले पारनेर तालुक्यातल्या खडकमाळ गावात, झुंबरबाईंच्या शेजारच्या पत्र्याच्या घरात.

त्या गावच्या चैत्रातल्या जत्रेला मी उमेदीच्या काळापासून सोंगाड्या म्हणून जात होतो. पुढं गुडघे बोलायला लागले, फड सुटला, पण जत्रा सुटली नाही. मी तोंडाला रंग लावत बसलो की मेजरसाहेब रावटीत येऊन आमच्या पेटाऱ्यावर बसायचे. उंच अंगकाठी, लालबुंद चेहरा, पांढऱ्या मिशा, आणि बोलणं मात्र अस्सल पारनेरचं. त्यांच्या आयुष्याचा वग मी तिथंच, तुकड्यातुकड्यानं ऐकला.

आयर्लंडात त्यांच्या वडिलांची मोठी जहागीर होती. दगडी गढी, तलाव, तबेला. तिकडच्या रिवाजाप्रमाणे ते सगळं थोरल्या भावाचं. धाकट्याच्या वाट्याला घोडा आणि फौज. मिसरूड फुटायच्या आत ते पहिल्या महायुद्धात गेले, पायात गोळी घेऊन परतले आणि पलटणीबरोबर नगरच्या छावणीत दाखल झाले. इकडं ते कवायती घेत होते, तेव्हा तिकडं स्वातंत्र्यासाठी उठलेल्या पोरांनी त्यांची गढी पेटवून दिली. साहेब सांगायचे, आजोबा-पणजोबांच्या तसबिरी जळाल्या त्याचं काही वाटलं नाही, सगळ्यांचं नाक एकच होतं. आणि आग लावणाऱ्यांनी आधी घोडे सोडून दिले होते, म्हणून त्यांच्यावरही आपला राग नाही.

नंतर पलटणीतले घोडे गेले आणि रणगाडे आले. रणगाड्याला गूळ चारता येत नाही, असं साहेबांनी वरिष्ठांना तोंडावर सांगितलं. त्यामुळं ते मेजरचे मेजरच राहिले. देश स्वतंत्र झाला, सोबतचे गोरे बोटीत बसले. साहेब आपल्या घोडीवर बसले आणि खडकमाळला आले. छावणीसाठी कडबा घ्यायला ते या गावात नेहमी येत, तेवढीच ओळख. मग गावच्या बैलांचे खूर तपासणं, लंगड्या वासरांना पट्ट्या बांधणं आणि कुणाच्याही भांडणात मध्ये पडणं, हा त्यांचा उद्योग झाला.

एवढं सगळं होऊनही जत्रेत मात्र एक गोष्ट घडायची. त्या दिवशी घरटी भाकरी गोळा होतात, आमटीच्या कढया चढतात आणि गावकरी पाहुण्यांना जेवू घालतात. पंगतीआधी पाहुण्यांना पारावर बोलावून फेटा बांधायचा, खुर्ची द्यायची. त्यात साहेबांचं नाव दर वर्षी असायचंच. आणि पाहुण्याच्या घरून कुणी भाकरी मागत नाही.

एकाहत्तर साली ते जत्रेच्या आदल्या दिवशी रावटीत आले. मी दोन नकला करून पाहिल्या, हसले नाहीत. मग म्हणाले, "मास्तर, आयर्लंडात लोक आमाला इंग्रज म्हनायचे. इंग्लंडात गेलो, तर म्हनले हा आयरिश. आन् हितं केस पांढरं झालं तरी मी पाव्हनाच. मला फेटा नको. तुमी सांगा त्यास्नी."

जत्रेचा कारभार तेव्हा कारभारी पवारांकडं होता. नावाप्रमाणंच माणूस कामाचा, पण हुकमी आवाजाचा. मी त्यांना निरोप दिला. ते चपापले. लग्नात व्याही रुसावा तसे साहेब रुसलेत, मानपानात काहीतरी कमी पडलंय, असं त्यांनी धरलं. मी समजावायला गेलो, तोवर ते नगरला माणूस पिटाळून मोकळे झाले.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या दारात हलगी कडाडली. जरीचा रेशमी फेटा, वाजतगाजत मिरवणूक, पारावर पुकारलेलं पहिलं नाव, आणि खुर्चीच्या जागी सरपंचांच्या घरची आरामखुर्ची. साहेब चालत होते ते कोर्टमार्शलला निघाल्यासारखे. मी आयुष्यभर लोकांना हसवलं, पण त्या वेळी माझ्याच्यानं हसवेना.

पंगती बसल्या. त्या वर्षी कुस्त्यांना नामी पैलवान आलेले, त्यामुळं माणूस दुप्पट, आणि वाढपी पोरं आखाड्यालाच चिकटलेली. पानांवर भाकरी पडल्या, पण आमटीचा पत्ता नाही. लोक माना उंचावून बघायला लागले. तेवढ्यात आरामखुर्ची कुरकुरली. साहेब उठले, कढईजवळ गेले आणि त्यांनी बादली भरून घेतली.

दोघंचौघं धावले. पाहुण्याला राबवलं म्हटल्यावर गावाची काय शोभा राहणार? कुणी बादली ओढू लागलं, कुणी साहेबांना खुर्चीकडं वळवू लागलं. साहेब कडी सोडेनात.

भाकरीच्या ढिगाआडून झुंबरबाई उठल्या. साहेबांना रोज कालवण-भाकरी देणारी ही शेजारीण. वयानं कारभाऱ्यांच्या आईएवढी.

"कारभारी, फेटा नको म्हनतोय म्हंजी त्याला पाव्हना व्हायचं न्हाई. येवढं कळंना व्हय रं तुला? घरचं मानूस कदी आदी बसून खातंय का?"

कारभाऱ्यांनी साहेबांकडं पाहिलं, बादलीकडं पाहिलं. मग तो हुकमी आवाज आला.

"साहेब, हुबं काय ऱ्हायलाय? ती कडंची वळ कोरडी बसलीय. आन् त्यो फेटा काढा, आमटीत पडंल."

फौजेतला कुठलाही हुकूम साहेबांनी इतक्या तातडीनं पाळला नसेल. जरीचा फेटा त्यांनी कमरेला आवळला आणि लंगडत ओळीत शिरले. दोन पानं झाली नाहीत तोच श्रीगोंद्याच्या एका पाहुण्याच्या धोतरावर आमटी सांडली. झुंबरबाईंनी सगळ्यांदेखत त्यांची हजेरी घेतली. साहेब ऐकत होते आणि मिशीत हसत होते. रंग न लावता इतका उजळलेला चेहरा मी रंगमंचावर कधी पाहिला नाही.

मधल्या पावसाळ्यात पावसानं ओढ दिली होती, म्हणून पुढच्या चैत्रात जत्रा आटोपशीर होती. पारावर नावं पुकारली, त्यात साहेबांचं नव्हतं. उलट सकाळीच त्यांच्या दारात निरोप गेला होता की तुमच्या घरच्या भाकरी अजून आल्या नाहीत. झुंबरबाई थापून द्यायला निघाल्या, तर साहेबांनी त्यांना उंबऱ्यावरच थांबवलं आणि स्वतः परातीपुढं बसले. बाई दारातून शिकवत होत्या आणि पदर तोंडाला लावून हसत होत्या.

मी ढिगाजवळच बसलो होतो. कारभाऱ्यांनी टोपली उघडली. एकही भाकरी गोल नव्हती. काहींना टोकं आली होती, काहींना खाड्या.

"ह्या कुनाच्या घरच्या?" त्यांनी विचारलं.

"आमच्या," साहेब म्हणाले.

कारभाऱ्यांनी करपलेली बाजू खाली केली आणि त्या भाकरी गावाच्या ढिगावर ठेवल्या.