देगलूरचे आवाज

नांदेडच्या कॉलेजात मी संशोधन करत होते तेव्हा कॉलेजचा स्वतःचा क्लाउड होता. तळमजल्यावर एसीच्या खोलीत सर्व्हरची कपाटं. आपण आपल्या टेबलावर बसून पोर्टल उघडायचं, मेमरी किती, डिस्क किती ते निवडायचं आणि बटण दाबायचं. चहा येईपर्यंत आपलं मशीन, म्हणजे त्या सर्व्हरवरच आपल्यापुरता एक संगणक, तयार. कुणाच्या हातापाया पडावं लागत नाही, हे मला फार आवडायचं.

माझ्या मशीनवर देगलूरच्या बायकांचे आवाज होते. मराठी, तेलुगू, कन्नड एकाच वाक्यात मिसळून बोलणाऱ्या म्हाताऱ्या. त्यांचं बोलणं संगणकाला लिहून काढता यावं, हा माझा विषय. रेकॉर्डर विभागाचा होता, दर वेळी पुसून परत द्यावा लागे. त्यामुळं जे होतं ते त्या मशीनवरच.

लातूरला नोकरी लागली तेव्हा सरांना पेढे दिले. सर म्हणजे माझे गाइड, विभागप्रमुखही तेच. पेढा तोंडात टाकत म्हणाले, "वा! शिकायचं आमच्या जिवावर आन् फळ लातूरला." सगळे हसले. मीही हसले.

"सर, मशीन तेवढं राहू द्या. रविवारी डिस्क घेऊन येते, सगळं कॉपी करून नेते."

"बिनघोर जा."

शनिवारी लातूरहून पोर्टल उघडलं तर माझ्या नावापुढं काहीच नव्हतं. क्लाउड बघणाऱ्या ऑपरेटरला फोन लावला. तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, सरांनी डिलीट केलं. विभागाची सगळी मशीनं त्यांच्याच हातात असतात. स्नॅपशॉट, म्हणजे जपून ठेवलेल्या प्रती, त्या बी गेल्या."

"परत न्हाई आणता येत?"

"न्हाई. जागा दुसऱ्याला देऊन बी झाली."

मी नांदेडला जाऊन सरांसमोर उभी राहिले. त्यांनी नाकारलंसुद्धा नाही. "पोर्टलनं मला विचारलं, खरंच काढायचं का? मी म्हणलं, हाव. भाडेकरू जाताना खोली रिकामी करतो का न्हाई?" मागं कुणीतरी फिसकन हसलं.

उन्हाळ्यात मी पुन्हा देगलूरला गेले. एका घरानं दारातूनच परत पाठवलं. जी सगळ्यांत जास्त बोलायची, हसता हसता तेलुगूत घसरायची, त्या म्हातारीला झटका येऊन वाचा गेली होती. खाटेवरून ती माझ्याकडं बघत राहिली. सून चहा ठेवायला उठली.

"बरं झालं आलात. आमच्याकडं त्यांचा आवाज कुठंच न्हाई. तुमच्याकडं हाय की. ऐकवा जरा, त्यांना बी ऐकू द्या."

मी खरं ते सांगितलं. मशीन म्हणजे काय ते तिला कळलं नाही. आवाज नाही, एवढं कळलं.

"मग कशाला बसवून बसवून बोलायला लावलं त्यांना?" म्हणत ती परत खाली बसली. चहा राहिलाच. म्हातारीचा एक हात हलत होता. बस म्हणत होती की जा, मला समजलं नाही.

माझा प्रबंध पुढं झाला नाही. सर अजून तिथंच आहेत.