एकही टक्कर नाही

हॉस्पिटलच्या इमारतीचं कॉम्प्युटरवरचं मॉडेल तपासलं, तर सॉफ्टवेअरला एकही टक्कर, म्हणजे दोन भाग एकमेकांत घुसल्याची जागा, सापडेना. कालपर्यंत सांडपाण्याचे पाइप जागोजागी तुळयांत घुसत होते. मला संशय आला. पाइपांची आखणी आमच्या ऑफिसातले सावंतकाका करतात. सगळ्यांदेखत मी विचारलं, "काका, चुका लपवल्या तर नाहीत ना?"

ते म्हणाले, "मॅडम, एकेक पाइप हातानं सरकवलाय. बघा उघडून."

उघडलं. तपासणीत पाइपांची फाइलच निवडलेली नव्हती, आणि तपासायच्या फाइली मीच निवडल्या होत्या. सगळं जुळलेलं दिसलं की मी संशय आधी माणसावर घेते, स्वतःवर अगदी शेवटी.

फाइल जोडून पुन्हा तपासलं. दोनच टकरा निघाल्या. मी माफी मागितली. काका "असू दे" म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.