रुळाच्या तुकड्याचा आवाज

शांताबाई राठोड नसत्या तर मी दारव्ह्यातून केव्हाच बॅग भरून निघालो असतो. त्या इथल्या बंजारा तांड्यातल्या. तिथे आईला याडी म्हणतात, म्हणून मीही त्यांना याडीच म्हणतो. आता काय झालं ते सांगतो.

मी वेल्डर. शाळा आठवीत सुटली. गाव कोकणात कुडाळकडचं, आई तिकडेच असते, कामासाठी इतक्या लांब विदर्भात आलो. इथली नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांवरची छोटी गाडी, आता बंद आहे. तिच्या आठवणी राहाव्यात म्हणून काही लोक एका खोलीत कंदील, झेंड्या, फोटो जमवतात. रविवारी मी तिथे फुकट काम करतो. इथे खोलीवर वाट बघणारं कुणी नसलं की रविवार फार मोठा होतो.

लहान स्टेशनवर घंटा म्हणजे रुळाचा टांगलेला तुकडा. लोखंडी दांडीने ठोकायचा. याडींचे मालक पोर्टर होते, तेच ठोकायचे. ते गेल्यावर तो तुकडा भंगारात जाऊ नये म्हणून याडींनी घरात जपला होता. आम्हाला देताना एवढंच म्हणाल्या, "बापू, चोरी गेला नाही पायजे."

वेल्डरला पक्कं म्हटलं की एकच सुचतं. मी अँगलची फ्रेम केली आणि तुकडा वरून फुल वेल्ड मारून तिला जोडून टाकला. हत्तीनेही ओढला तरी निघाला नसता.

संध्याकाळी शाळेची मुलं बघायला येणार होती. दुपारी याडी आल्या. दांडी उचलून ठोका दिला.

थड्.

पुन्हा दिला. थड्.

"गाडी बंद पडली, आता घंटाबी बंद केली काय?"

घंटा लोंबकळती असली तरच वाजते. ती जखडली की आवाज मरतो. खोलीचा कारभार बघणारे रिटायर्ड सर धावत आले. "कोणी केलं हे? असा माणूस पुन्हा इथे नको!"

"मीच सांगतलं होतं त्याले, पक्की कर म्हणून," याडी म्हणाल्या. "माह्या घरची घंटा हाय. बोलाचं ते मले बोला."

सर खुर्च्या मांडायला परत गेले.

पण खरी भीती पुढेच होती. रुळाचं पोलाद कडक असतं, वेल्डिंगच्या तापाने तडकू शकतं. तडा गेला असता तर आवाज कायमचा गेला असता. मी कटिंग डिस्क लावून थोडं थोडं कापू लागलो. तापलं की थांबायचो. दर वेळी वाकून तडा दिसतो का ते बघायचो.

"कायले भेऊन राह्यला? मी पळून नाही चालली," याडी शेजारी बसून म्हणाल्या.

तुकडा सुटला. साखळीने टांगला. साखळीला कुलूप लावलं. याडींनी ठोका दिला.

आवाज निघाला. लांब, स्वच्छ, कापसाच्या शेतांपर्यंत गेला. मी तिथेच खाली बसलो. रस्त्याने जाणाऱ्या एका म्हाताऱ्याने सायकल थांबवली. "गाडी सुरू झाली काय वो?"

"व्हय. तिकीट काढ," याडी म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

रुळावर माझ्या वेल्डची खूण अजून आहे. आता कुठलीही जुनी वस्तू हातात आली की ती काय काम करायची ते आधी विचारतो, मग मशीन चालू करतो.

याडी रोज स्टेशनवर मालकांचा डबा घेऊन जायच्या, पण गाडीत कधी बसल्या नाहीत. एक दिवस मी त्यांना रेल्वेने कुडाळला नेणार आहे. खिडकीजवळ बसवून. माझ्या आईला भेटवायला.