फितीचं टोक

वसंतकाका गेल्याचं मला त्यांच्या मुलाने कळवलं, अंबरनाथहून फोन करून. बाबांना ते आधीच कळलं होतं, पण ते अंत्ययात्रेला गेले नव्हते. मी विचारलं तर म्हणाले, "ज्याने माझं दुकान कापलं, त्याला खांदा द्यायला मी रिकामा नाही." बाबा तसे मायाळू, पण त्यांच्या मनात एकदा अढी बसली की बसली. यावर काही बोलायचा हक्क मला तर मुळीच नव्हता. का, ते सांगते.

आमचं शिंप्याचं दुकान उल्हासनगरच्या बाजारात. तो बाजार लष्कराच्या जुन्या बराकींतून उगवलेला. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं तिथे राहायला आली आणि दारातच खाट टाकून पापड, कापड, बटणं विकू लागली. मग खाटेवर पत्रा आला, पत्र्याखाली ओटा आला, ओट्याला शटर लागलं. असा सगळा बाजार हळूहळू रस्त्यावर सरकला. आम्हीही सरकलो, उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणा? काका मोजणी खात्यात होते आणि बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त. रोज संध्याकाळी घरी जाताना आमच्याकडे टेकायचे. एक कटिंग चहा दोघांत प्यायचा, राजकारणावर कडाकडा भांडायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

ऐंशीच्या दशकात रस्ता रुंद करायचं ठरलं आणि बाजाराच्या तोंडचं पाणी पळालं. मोजणी काकांकडे आली. त्यांची एक रीत होती. फितीचं टोक ते ज्याचं दुकान त्याच्याच माणसाला धरायला देत, म्हणजे मागाहून तक्रार नको. ते टोक उंबऱ्याखालच्या, बराकीच्या मूळ दगडी जोत्याला लावायचं. तिथून समोरच्या जोत्यापर्यंत फीत ताणायची, मधोमध खिळा ठोकायचा आणि खिळ्यापासून दोन्हीकडे सारखं अंतर मोजून त्यात येईल तेवढं कापायचं. आमच्या समोर पापडवाल्या दादीचं दुकान होतं. एकट्या बाईचं.

आमचं दुकान आधीच वीतभर. बाबा चार दिवस जेवले नव्हते, नुसते मशीनवर हात ठेवून बसायचे. मोजणीच्या सकाळी ते म्हणाले, माझ्याने बघवणार नाही, तू धर. मी तेव्हा कॉलेजात होते. उंबऱ्याशी उकिडवी बसले, ओढणी पसरली आणि टोक जोत्यावरून उचलून ओट्याच्या कडेला लावलं. चांगलं दीड हात पुढे. सगळ्यांचे डोळे खिळ्याकडे होते. खिळा दादीच्या बाजूला सरकला. आमचं वाचणार होतं ते तिचं जाणार होतं, हे मला पक्कं कळत होतं... तरी मी हात हलवला नाही.

काकांनी खिळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. फीत न सोडता चालत आले. माझ्यापुढे वाकले, माझं मनगट धरून टोक मागे जोत्याला लावलं, आणि उठून मोठ्याने म्हणाले, "फीत सैल पडली होती, चूक माझी. परत मोजतो." खिळा उपटला, आमच्याकडे सरकवून ठोकला.

बाबांनी न राहवून आतून डोकावलं होतं, पण एवढंच पाहिलं की आधी दुकान वाचत होतं आणि मित्राने ते कापलं. म्हणाले, समोरच्यांनी याला फितवलाय. काका गप्प राहिले. एक शब्द बोलले असते तर सुटले असते. पण मग भर बाजारात माझं नाव निघालं असतं, आणि बाबांची मान खाली गेली असती.

पुढे दुकानात मशीन आडवं लावावं लागलं, गिऱ्हाईक रस्त्यावर उभं राही. संध्याकाळचा चहा बंद झाला. माझ्या लग्नाला काका आले, मांडवाबाहेरूनच अक्षता टाकून गेले. मी पाहिलं आणि मान फिरवली. भित्री होते मी, दुसरं काय!

हा लेख रविवारी येईल. बाबा आता कात्रपला राहतात आणि पुरवणी भिंग लावून, जाहिरातींसकट वाचतात. तोंडावर सांगायची छाती झाली नाही, म्हणून इथे लिहितेय. बाबा, फीत सैल नव्हती. टोक मी सरकवलं होतं. दुपारी मी तुमच्याकडे येतेय. दार उघडलंत तर आपण दोघं अंबरनाथला काकूंना भेटायला जाऊ. नाही उघडलंत, तर मी एकटी जाईन.