ॲप बंद, मंगलताई चालू

मंडळी, आज दिंडोरीला मामांच्या द्राक्षबागेत कोण भेटलं माहितीये? मंगलताई! छोट्या व्हिडिओंचं ते ॲप आठवतं ना? त्यावर सासूची नक्कल करून त्या लाखो लोकांना हसवायच्या. मग ॲपच बंद झालं आणि आपण सगळे त्यांना विसरलो.

आज त्या मजुरीवर घडांची विरळणी करत होत्या. जेवणाच्या सुट्टीत डोक्यावर पदर घेतला आणि सुरू! बायांची भाकरी हातातच राहिली.

मी मोबाइल काढत म्हटलं, "ताई, दुसऱ्या ॲपवर टाका की! इथं बघणारं कोण?"

"तवा नुसते लाल बदाम यायचे, भाऊ. कोणाचं हसू कधी ऐकू आलं नाय."

व्हिडिओ मागू नका, काढलाच नाही. मोबाइल खिशात ठेवला आणि मोठ्यांदा हसलो, त्यांना ऐकू जाईल असं.