पुसू का, असं विचारलं होतं

घरात त्याला सगळे खजिनदार म्हणत. थोरल्या भावाने थट्टेत पाडलेलं नाव, पण ह्याने ते पदवीसारखं मिरवलं. खरं तर हा लिफ्टचा मेकॅनिक, दिवसभर ग्रीसने माखलेला. संध्याकाळी हातपाय धुतले की मात्र आपल्या सर्व्हरपुढे ऐटीत बसायचा. चपलांच्या कपाटाशेजारी एक काळा डबा आणि आत एकसारख्या चार हार्ड डिस्क. नात्यात कुणाचा फोन भरला की फोटो, व्हिडिओ, रेकॉर्डिंग ह्याच्या डब्यात. वर दम असा, की फोनमधलं आता खुशाल पुसा, माझ्याकडे आलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

थोरला भाऊ गेला तेव्हा वहिनीने तेच केलं. त्याने पाठवलेले आवाजातले निरोप, गाडी चालवताना गुणगुणलेली गाणी, सगळं ह्याच्या हवाली केलं आणि ह्याच्या शब्दावर फोन रिकामा केला.

आता त्या डब्याची गंमत अशी. तीन डिस्कवर सामान असतं. चौथी पॅरिटीची; तिच्यावर कुणाचा फोटो नसतो, फक्त बाकीच्या तिघींचा हिशेब असतो. तिघींतली एखादी मेली तर त्या हिशेबावरून तिच्यावरचं सगळं पुन्हा उभं करता येतं. पॅरिटीच मेली तर काहीच जात नाही. नवी बसवायची आणि तिला हिशेब नव्याने मांडू द्यायचा. ह्याची पॅरिटीच मेली. हातचा मळ आहे, असं तो बायकोला म्हणाला.

डबा उघडलाच आहे तर धूळही काढू, म्हणून ह्याने सगळ्या डिस्क बाहेर काढल्या, पुसल्या, परत बसवल्या आणि कुठली डिस्क कशासाठी, ही मशीनमधली जुनी मांडणी रद्द करून नवी मांडली. सगळ्या एकाच मापाच्या. ओळख पटते ती कडेच्या लेबलावरच्या नंबरवरून. ते ताडून पाहायला काय जात होतं? पण आपला डबा, आपल्याला काय विचारायचं, असा तोरा. वहिनीचं सामान असलेली डिस्क गेली पॅरिटीच्या जागी आणि नवी आणलेली कोरी डिस्क गेली तिच्या जागी. मशीनने विचारलं, ह्या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुसू का? ह्याने हो म्हटलं आणि जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी कामावरून आला तर सगळे दिवे हिरवेगार. फक्त एक डिस्क कोरी आहे, असं मशीन सांगत होतं. खजिनदाराने तेव्हा कुठे लेबलांवरचे नंबर ताडून पाहिले. पुसलेली डिस्क घेऊन तो गेलेला डेटा काढून देणाऱ्या माणसाकडे गेला. त्याने तपासलं आणि सांगितलं की वर बाकीच्या डिस्कचा हिशेब लिहिला गेलाय, आता ह्यातून काही निघणार नाही.

वहिनीला ह्याने फोनवर सांगितलं की मशीनने दगा दिला. ती उलट ह्याचीच समजूत घालत बसली. ह्याच्याच बहिणीने ह्याला नावं ठेवली तर वहिनीने तिलाच गप्प केलं, भाऊजींनी जिवापाड जपलं होतं म्हणाली. बायकोकडून हे कळलं तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वहिनीने चार शिव्या घातल्या असत्या तर घास तरी उतरला असता. कामावर तर रोजची परीक्षा होती. लिफ्टच्या शाफ्टचं दार उघडण्याआधी मजल्याचा नंबर वाचून जोडीदाराला मोठ्याने सांगायचा, हा त्यांचा शिरस्ता. नंबर उच्चारताना आता त्याची मान खाली जायची.

मग एका रविवारी वहिनी स्वतःच आली. भावाचा जुना फोन कपाटात सापडला होता आणि त्यात एक निरोप शिल्लक होता. मशीन आता नीट झालंय ना, तर हा त्यात ठेवा, ह्या फोनचा काही भरवसा नाही, म्हणाली आणि तिने फोन ह्याच्या हातात दिला.

त्याने फोन धरला. तिच्याकडे बघायची हिंमत होईना.

"वहिनी, मशीन बिघडलं नव्हतं. मी पुसलं. चुकीची डिस्क लावली मी."

वहिनीने चपलांच्या कपाटाशेजारच्या डब्याकडे पाहिलं.

"पुसायच्या आधी ते विचारत नाही?"

"विचारलं होतं."

"मग?"

"मी न वाचताच हो म्हटलं."

वहिनीने हात पुढे केला. त्याने फोन परत दिला. तिने तो पर्समध्ये ठेवला, चेन लावली, आत जाऊन जावेशी दोन शब्द बोलली आणि गेली. आवाज चढवला नाही की दार आपटलं नाही. त्याला वाटलं होतं, खरं सांगितलं की हलकं वाटेल. कसलं काय. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

संध्याकाळी घरच्या ग्रुपवर वहिनीने तो निरोप टाकला. खाली एक ओळ होती: ह्यांचा एवढाच आवाज राहिलाय, प्रत्येकाने आपापल्याकडे ठेवा. भाच्यापुतण्यांनी पटापट उतरवून घेतला. काय झालं, कसं झालं, ह्याबद्दल तिने कुणाला अवाक्षरही सांगितलं नव्हतं.

त्याने आतल्या खोलीत जाऊन तो लावला. भाऊ घाईत होता, मागे रस्त्याचा आवाज. "अगं, मला उशीर होईल. धाकट्याला फोन करून बघ, जेवला का ते. स्वतःहून सांगायचा नाही तो काही."

दुसऱ्यांदा ऐकायचं धाडस त्याला झालं नाही. मग इतरांनी ठेवला होता तसा त्यानेही तो आपल्या फोनमध्ये ठेवला.